पी०४२० कोड आलाय, कॅट बदलायचाच का? सल्ला हवाय

कसारा_घाट
नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस ४, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, ९६ हजार किमी झालेत. महिना झाला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय तो जातच नाही. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०४२० आला, म्हणे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा भाग) गेला, नवीन टाका, ३८ हजार. गाडीलाच आता दोन लाख येतील की नाही शंका आहे. पिकअप किंचित कमी वाटतो पण घाट चढते, मायलेज आहे तेवढंच. सकाळी स्टार्ट केली की खालून टिक टिक आवाज येतो, गरम झाली की बंद. दुसरा एक मेकॅनिक म्हणतो फक्त ऑक्सिजन सेन्सर बदलू. कुणाचं ऐकू? पुढच्या महिन्यात पीयूसी पण करायची आहे.

बावीसचा_पाना
दादा, आत्ता दोघांचंही ऐकू नका. १९ वर्षं इंजेक्शनच्या गाड्या करतोय, पी०४२० आला की कॅट काढून फेकणारे खूप बघितले. या कोडचा अर्थ एवढाच की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कॅटच्या कामाबद्दल शंका आहे, आणि ती शंका येते मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून. एक सेन्सर कॅटच्या आधी असतो, एक नंतर. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलच्या ॲपमध्ये आकडे दाखवतो तो) घ्या, गाडी चांगली २० मिनिटं पळवून गरम करा, पेट्रोलवर टाका (सीएनजीवर बघू नका, किटचं ट्यूनिंग गडबड असेल तर ग्राफ फसवतो), २५०० आरपीएमला रेस धरा आणि दोन्ही सेन्सरचे व्होल्ट बघा. पुढचा ०.१ ते ०.९ मध्ये सारखा नाचला पाहिजे, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट थकला. पुढचा सुस्त किंवा एकाच आकड्यावर अडकला असेल तर सेन्सरवर संशय घ्या. सेन्सरचा हीटर गेला तर पी०१३५ नाहीतर पी०१४१ असा वेगळाच कोड येतो, तुम्हाला तो आलेला नाही.

आणि ती टिक टिक सोडू नका. सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग जळलं की थंडीत फट राहते, गरम झाल्यावर लोखंड फुगून बुजते. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा तोच ऑक्सिजन मोजतो. सकाळी थंड गाडी स्टार्ट करा, कुणालातरी मागचा पाइप ओल्या फडक्याने क्षणभर दाबून धरायला सांगा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. फेस आला की समजा.

सायली_तळेगाव
दिवा स्थिर आहे की ब्लिंक होतो? हे आधी सांगा. माझ्या गाडीत सीएनजीवर मिसिंग होतं (सिलिंडरमध्ये मधेच इंधन न जळणं), दिवा ब्लिंक व्हायचा, मी तशीच तीन आठवडे चालवली. न जळलेला गॅस कॅटमध्ये जाऊन जळतो आणि आतली जाळी वितळते. शेवटी खंबाटकीला गाडी ४० च्या वर जाईना, रेस देऊनही नुसती गुरगुरायची. नवीन कॅट टाकला पण मिसिंग का होतंय ते कुणी बघितलंच नाही, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल खराब होती, चार महिन्यांत दुसरा कॅटही गेला. पैसे गेले त्यापेक्षा जास्त राग याचा आला की पहिल्याच दिवशी कॉइल बघता आली असती. म्हणून कॅट खराब निघाला तरी तो कशाने मेला ते शोधल्याशिवाय नवीन टाकू नका. गाडी ऑइल पीत असेल तर तेही बघा, ऑइलमधला फॉस्फरस कॅटवर बसतो.

मुक्काम_नगर
एवढा ताप कशाला, जाळी फोडून रिकामा करायचा आणि मागच्या सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावायचा. हजार रुपयात दिवा जातो.

बावीसचा_पाना
भाऊ, हे कुणाला सांगू नका. दिवा जातो पण धूर तसाच बाहेर पडतो, आणि मागे स्कूटरवर कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. बीएस ४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, रिकाम्या कॅटवर तो बसणं अवघड. आणि दादा, कॅट खरंच बदलावा लागला तर जुना परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात चांगले पैसे येतात आणि ते तुमचे आहेत.

कसारा_घाट
आज रविवारी सगळं केलं. दिवा स्थिरच आहे, ब्लिंक नाही. पुढचा सेन्सर मस्त नाचतो. मागचा ०.६५ ला थांबतो आणि मधेच धाडकन ०.१ वर येतो, परत वर. साबणाचं पाणी मारलं तर कॅटच्या मागच्या जोडावर, सेन्सरच्या जेमतेम चार बोटं अलीकडे, बुडबुडे! टॉर्च मारली तर तिथे काजळीची काळी रेघ ओढलेली, एक बोल्ट अर्धा गंजून गेलेला. पॅकिंग आणि दोन बोल्ट, मजुरीसकट ६५० रुपये. टिक टिक गेली. कोड क्लिअर केलाय. बावीसचा पाना, सायलीताई, मनापासून आभार.

बावीसचा_पाना
छान झालं. पण कोड क्लिअर केला की दिवा जातोच, त्यावर जाऊ नका. ॲपमध्ये रेडिनेस (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही ते) बघा, कॅटॅलिस्ट मॉनिटर कंप्लीट झाला पाहिजे. हायवेला एकसारख्या वेगात अर्धा तास चालवा, मधे सिग्नलला थांबा, दोन-तीन दिवस असं करा.

कसारा_घाट
गुरुवारी संध्याकाळी कंप्लीट दाखवलं. ३१० किमी झाले, कोड नाही. आज पीयूसी केली, सीओ ०.०८.