'इम्प्लांटेबल नर्व्ह सेन्सर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : हात कापावा लागलेल्या माणसाच्या दंडातल्या नर्व्हचे संकेत टिपणाऱ्या सेन्सरवर लेख लिहिते आहे. 'प्रत्यारोपित मज्जातंतू संवेदक' चालेल का?

प्रतिसाद : 'प्रत्यारोपित' नको. प्रत्यारोपण म्हटले की वाचकाला दात्याचा अवयव आठवतो, आणि हात खरोखरच प्रत्यारोपित होतात; कोचीत २०१५ मध्ये, मुंबईत २०२० मध्ये तशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. इथे उपकरण शरीरात बसवतात, म्हणून 'रोपित संवेदक'. 'मज्जातंतू' चूक नाही, पण 'मज्जा' म्हणताच अनेकांच्या मनात अस्थिमज्जा येते. 'नस' तर फारच निसरडा शब्द. 'मानेची नस दबली' यात नर्व्ह असते, 'मनगटाची नस कापली' यात रक्तवाहिनी. मुले शाळेत 'चेतासंस्था', 'चेतापेशी' शिकतातच, तेव्हा 'चेता' घ्या.

दुसरा प्रतिसाद : सेन्सर बसतो कुठे, ते आधी पाहा. यूटा विद्यापीठात तयार झालेली, चार मिलिमीटर बाजूची, शंभर बारीक सुयांची पट्टी थेट चेतेत रुतवतात. सुयांची लांबी उतरती असते, त्यामुळे चेतेतल्या वेगवेगळ्या खोलीवरचे तंतू हाती लागतात. हा खरा 'चेतासंवेदक'. याउलट स्नायूत बसवायच्या, जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीच्या कॅप्सूलही आहेत. त्या टिपतात ते स्नायूचे संकेत. त्यांना 'चेतासंवेदक' म्हटले तर माहितीच चुकते.

प्रश्नकर्ती : माझा लेख मिशिगन विद्यापीठातल्या कामावर आहे. तिथे दोन्ही आहे ना?

दुसरा प्रतिसाद : हो, आणि म्हणूनच ते इतके सुंदर आहे! कापलेल्या चेतेच्या टोकाभोवती रुग्णाच्याच स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळतात. काही महिन्यांत चेतेचे तंतू त्यात वाढतात. चेतेतला संकेत अतिशय क्षीण असतो, स्नायू तो कैकपटींनी मोठा करतो, आणि त्या तुकड्यात बसवलेला इलेक्ट्रोड तो टिपतो. हुकूम चेतेचा, नोंद स्नायूतली. एका जोडशब्दात हे कोंबू नका. 'चेतेचा संकेत स्नायूतून टिपणारा रोपित इलेक्ट्रोड' असे एकदा पूर्ण लिहा, पुढे नुसते 'रोपित इलेक्ट्रोड' पुरे.

प्रश्नकर्ती : पटले. आणि 'अँप्युटी', 'स्टंप'?

पहिला प्रतिसाद : 'थोटा' कृपया नको, तो शब्द लोकांनी शिवीसारखा वापरला आहे. 'दिव्यांग' फार व्यापक. 'हात गमावलेली व्यक्ती' लिहा. स्टंपला 'दंडाचा उरलेला भाग', किंवा कोपराखाली कापले असेल तर 'कोपराखालचा उरलेला हात'.