दोलोरेस देल रियो: तासाभराच्या कार्यक्रमात काय घ्यावं, काय गाळावं?

तापीकाठ (चोपडा)

जुन्या जागतिक सिनेमावर आमच्याकडे दर महिन्याला एक कार्यक्रम होतो. पुढचा मेक्सिकन अभिनेत्री दोलोरेस देल रियो यांच्यावर ठरला आहे. वेळ 60 मिनिटं, शंभर खुर्च्या, एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप. येणारे बहुतेक नाटकवाले, म्हणून 'रंगभूमीवरून पडद्यावर' अशी मांडणी धरली आहे. आधी नाटकं, मग हॉलिवूड, शेवटी मेक्सिको.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही मांडणी बरोबर आहे का? एकाच सिनेमातले प्रसंग दाखवायचे तर कोणत्या? आणि संवादांच्या पट्ट्या अहिराणीत केल्या तर चालतील का?

जुनी रिळं (धुळे)

भाऊ, मांडणी उलटी झाली आहे. आपल्याकडे नट नाटकातून सिनेमात जातो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. दोलोरेस मात्र आधी पडद्यावर आल्या आणि तीस वर्षांनी रंगमंचावर चढल्या.

क्रम असा. जन्म 3 ऑगस्ट 1904, उत्तर मेक्सिकोतलं दुरांगो. काही ठिकाणी 1905 छापलेलं आढळतं, ते घेऊ नका. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मेक्सिकन क्रांती पेटल्यावर घरदार सोडून कुटुंब मेक्सिको सिटीत आलं. 1921 मध्ये हाइमे मार्तिनेस देल रियो यांच्याशी लग्न झालं, 'देल रियो' हे आडनाव तिथलं. 1925 मध्ये एडविन कॅर्यू या दिग्दर्शकाने त्यांना पाहिलं आणि हॉलिवूडला नेलं. 1926 ते 1928 या तीन वर्षांत 'व्हॉट प्राइस ग्लोरी', 'रेझरेक्शन' आणि 'रमोना' हे मूकपट आले आणि त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. 'रमोना' कित्येक दशकं हरवलेला समजला जात होता. पुढे प्रागच्या संग्रहात त्याची प्रत सापडली.

बोलपट आल्यावर उच्चार आडवा आला. म्हणजे काम थांबलं नाही, पण भूमिका ठरून गेल्या. 'बर्ड ऑफ पॅरडाइज' (1932) मध्ये दक्षिण समुद्रातल्या बेटावरची मुलगी, 'फ्लाइंग डाउन टू रिओ' (1933) मध्ये ब्राझीलची, 'मादाम द्यु बारी' (1934) मध्ये फ्रेंच. त्याआधी 'रेझरेक्शन'मध्ये रशियन झालेलीच होती. कुठल्याही देशाची सुंदर परकी बाई हवी की दोलोरेस. 'रिओ'च्या श्रेयनामावलीत पहिलं नाव त्यांचं आहे, पण आज तो सिनेमा फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स पहिल्यांदा एकत्र नाचले म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. हे प्रेक्षकांना नक्की सांगा. तिथे त्यांची जागा काय होती, ते या एका उदाहरणात कळतं.

1943 ला त्या मेक्सिकन पडद्यावर आल्या. कार्यक्रमाचा कणा हे वर्ष असायला हवं. हॉलिवूडला 15 मिनिटांच्या वर देऊ नका. हॉलिवूडचे कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्सशी लग्न, नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सशी संबंध या गोष्टी दोन वाक्यांत उरका, नाहीतर पुढची सगळी प्रश्नोत्तरं त्यावरच जातील.

पांढरा पडदा (भुसावळ)

वरच्या मजकुराशी सहमत. सिनेमा 'मारिया कांदेलारिया' घ्या. दिग्दर्शक एमिलियो फर्नांदेस, छायाचित्रण गाब्रिएल फिगेरोआ, नायक पेद्रो आर्मेंदारिस. हेच चौघं त्याआधी 'फ्लोर सिल्वेस्त्रे'त एकत्र आले होते. 1946 च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांना विभागून दिला गेला. त्यात हा होता आणि आपल्या चेतन आनंदांचा 'नीचा नगर'ही होता. प्रास्ताविकात एवढं सांगितलं की सभागृह लगेच जवळ येतं.

गोष्ट 1909 मधली, मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांवर घडते. आईच्या बदनामीपायी गावाने वाळीत टाकलेली फुलं विकणारी मुलगी, तिचा लोरेन्सो राफाएल आणि लग्नाच्या आशेने पाळलेली एक डुकरीण. दुकानदार दामियान उधारीच्या नावाखाली तिच्यावर डोळा ठेवून असतो, तो डुकरीण मारतो. मारियाला हिवताप होतो, क्विनीन त्याच्याच ताब्यात, तो देत नाही. लोरेन्सो क्विनीन चोरतो, सोबत लग्नाचा पोशाखही उचलतो आणि तुरुंगात जातो. पुढे एक चित्रकार तिचं चित्र काढतो. चेहरा तिचा, उघडं शरीर दुसऱ्या बाईचं. गावाला फक्त चेहरा ओळखता येतो आणि लोक दगड उचलतात.

दाखवायला तीन तुकडे पुरे. पहिला, सुरुवातीचा: प्राचीन दगडी मूर्तींचे चेहरे आणि त्यांच्याशेजारी जिवंत स्त्रीचा चेहरा. पूर्ण सिनेमा कसा बघायचा ते तिथेच सांगून टाकलं आहे. दुसरा, चर्चच्या आवारात जनावरांना आशीर्वाद द्यायचा प्रसंग. इथे दोलोरेसकडे नीट बघा. रेबोसो, म्हणजे डोक्यावरून घेतलेली लांब शाल, त्या किती थोड्या हालचालींत वापरतात. मान खाली, हनुवटी शालीत, आणि डोळे उचलले की बस. मूकपटात कमावलेली हत्यारं आहेत ही, आता आवाज असूनही चालतात. नाटकवाल्यांना इथे बोलण्यासारखं खूप आहे. तिसरा, शेवटची कालव्यातून जाणारी होडी. त्यानंतर दिवे लगेच लावू नका.

आता चुका कुठे होतात ते. या सिनेमाची चौकट, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, 1.37 ला 1 आहे, जवळपास चौकोनी. प्रोजेक्टर 'फुल' किंवा 'वाइड'वर ठेवला की चेहरा आडवा ताणला जातो, आणि ज्या चेहऱ्यासाठी कार्यक्रम ठेवला तोच बिघडतो. आस्पेक्ट 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल'वर ठेवा. 16:9 चा 8 फूट रुंद पडदा असेल तर चित्र साधारण 6 फूट रुंद दिसेल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्या. प्रोजेक्टरचा 'व्हिव्हिड' मोडही बंद करा, 'सिनेमा' ठेवा. फिगेरोआचे ढग आणि आभाळातल्या करड्या छटा व्हिव्हिडमध्ये पांढऱ्याफटक होतात. आणि खिडक्यांना जाड पडदे हवेतच, आपल्याकडच्या उन्हात दुपारी चारला पातळ कापड काही उपयोगाचं नाही.

अहिराणी बोली (नंदुरबार)

पट्ट्यांबद्दल लिहितो. गावकऱ्यांना अहिराणी आणि चित्रकार-पाद्र्यांना प्रमाण मराठी अशी वाटणी बहुधा मनात असेल. ती करू नये असं माझं ठाम मत आहे. या सिनेमातल्या आदिवासी पात्रांची स्पॅनिश खऱ्या कुणाच्या तोंडची नाही. लेखकांनी घडवलेली, हेल काढून बोललेली भोळी भाषा आहे, आणि त्यावर टीकाही झाली आहे. तिच्या जागी अहिराणी ठेवली तर जिवंत बोलीला भोळेपणाचा शिक्का बसतो. करायचं तर सगळ्यांनाच अहिराणी द्या, पाद्र्यालासुद्धा. नाहीतर सगळ्यांना साधी मराठी.

बाकी कामाचं. एका पट्टीत दोनच ओळी, ओळीत 35 ते 40 अक्षरं, पडद्यावर कमीत कमी दीड सेकंद. फाइल एसआरटी (पट्ट्यांची साधी मजकूर-फाइल), साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-8. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर चालणार नाही, इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. थेट युनिकोडमध्ये टाईप करा. जोडाक्षरं सुटी पडली तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून मंगल किंवा नोटो देवनागरी घ्या, आणि हे सगळं त्याच लॅपटॉपवर आदल्या दिवशी तपासा.

उच्चार: स्पॅनिशमध्ये 'जे' म्हणजे 'ह', म्हणून हाइमे. सोचिमिल्को लिहिताना पहिलं अक्षर 'एक्स' असतं, पण वाचायचा 'स'.

तापीकाठ (चोपडा)

मांडणी बदलतो. पट्ट्या सगळ्यांना साध्या मराठीत करतो, पटलं. पण रंगभूमी मग कुठे बसवू? नाटकवाले तेच विचारणार. आणि कॉपीराइटचं काय?

जुनी रिळं (धुळे)

शेवटच्या 12 मिनिटांत, आणि तिची सुरुवात 1954 पासून करा. 'ब्रोकन लान्स' या हॉलिवूडपटात त्यांची निवड झाली होती, पण कम्युनिस्टांशी जवळीक असल्याच्या संशयावरून अमेरिकेने प्रवेश नाकारला. ती भूमिका मेक्सिकन अभिनेत्री केटी हुरादो यांनी केली आणि तिच्यावर त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. दोन वर्षांनी, 1956 मध्ये, त्याच अमेरिकेत दोलोरेस 'अनास्तासिया' नाटकात रंगमंचावर उभ्या राहिल्या. वय पन्नाशी ओलांडलेलं. 1958 मध्ये मेक्सिकोत ऑस्कर वाइल्डचं 'लेडी विंडरमिअर्स फॅन' स्पॅनिशमधून केलं, 1970 मध्ये 'कॅमेलियाची लेडी'. ज्या बाईचा चेहरा कॅमेऱ्याने 25 फुटी पडद्यावर मोठा करून दाखवला, तिला आता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा होता. नाटकवाल्यांशी चर्चा इथूनच सुरू करा.

तुलना हवी असेल तर शिरपूरच्या घरातल्या स्मिता पाटील आहेतच. शहरात वाढलेली, शिकलेली मुलगी खेड्यातली बाई उभी करते तेव्हा ती कुणाच्या वतीने बोलते? बँकवाल्याची लेक अनवाणी होडीत बसते तेव्हाही हाच प्रश्न आहे. उत्तर तुम्ही देऊ नका, सभागृहाला बोलू द्या.

कॉपीराइट: भारतात सिनेमाची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 'मारिया कांदेलारिया' मेक्सिकोत 1944 च्या जानेवारीत लागला, म्हणजे ती संपली. पण इंग्रजी पट्ट्या कुणीतरी नव्याने केलेल्या असतात, त्या जशाच्या तशा उचलून मराठीत आणू नका. स्पॅनिश ऐकून भाषांतर करणारा माणूस शोधा.

पांढरा पडदा (भुसावळ)

एक राहिलं. शेवटी निधनाची तारीख सांगाल तेव्हा 11 एप्रिल 1983, न्यूपोर्ट बीच, कॅलिफोर्निया. त्याआधी कलाकारांच्या मुलांसाठी त्यांनी चालवलेल्या पाळणाघराचा उल्लेख करा. नट-नट्या तालमीला आणि प्रयोगाला गेल्या की लेकरं कुठे ठेवायची, ही अडचण आपल्या मंडळींना समजावून सांगावी लागणार नाही.

आणि लॅपटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल पण प्रोजेक्टर नसेल, तर वीज गेल्यावर दिवा थंड व्हायच्या आत बंद पडतो आणि पुन्हा पेटायला पाच-सात मिनिटं घेतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या.