टाकीतली झाडं रोज सकाळी वर तरंगतात, रुजवायची कशी?

मीनल_कल्याण:
नमस्कार, माझी दोन फुटी टाकी आहे, दोन गोल्डफिश आहेत आणि एक आतला पॉवर फिल्टर. आत्तापर्यंत प्लास्टिकची झाडं होती, आता खरी लावायची म्हणून व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, एक अनुबियास आणि कबोम्बाची जुडी आणली. खाली तीच जुनी रंगीत खडी आहे, ८-१० मिमीची असेल, थर साधारण इंचभर. रात्री नीट खोचून ठेवते आणि सकाळी निम्मी झाडं वर तरंगत असतात, मग परत हात घालून लावा, परत संध्याकाळी तेच. कबोम्बाला दुकानदाराने शिशाची पट्टी गुंडाळून दिली होती ती तशीच ठेवली तर पट्टीच्या खालचं सगळं काळं पडून कुजलं. दुकानात विचारलं तर म्हणाले अजून पट्ट्या लावा. हे बरोबर आहे का? वजन कमी पडतंय की माझी लावायची पद्धत चुकतेय?

जलवेल_नाशिक:
मीनलताई, वजनाचा प्रश्न नाहीये हा. पाणवनस्पतींच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात त्यामुळे ती मुळातच वर यायला बघतात, त्यांना खाली धरून ठेवतात ती मुळं, आणि नवीन मुळं फुटून खडीत पसरायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. आपलं काम फक्त तेवढे दिवस झाड हलू न देणं. तुम्ही रोज उपटून परत लावताय म्हणजे रोज नवीन बारीक मुळं तुटतायत आणि मोजणी परत पहिल्या दिवसापासून सुरू होतेय.

आणि ८-१० मिमीच्या खडीत मोठ्या फटी राहतात, मुळाला धरायला काही मिळतच नाही. २-३ मिमीची बारीक खडी किंवा जाडसर नदीची वाळू घ्या, बांधकामाची वाळू चाळणीने चाळून, बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन चालते. समुद्राची नको, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो त्याने पाणी जड (क्षारयुक्त) होतं. शंका असली तर मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसलं तर ती घेऊ नका. थर पुढे ५ सेंमी आणि मागे ७-८ सेंमी करा, इंचभरात स्वोर्ड उभं राहणं अवघडच.

लावताना पाणी अर्ध्यावर आणा, भरल्या टाकीत हात बाहेर काढताना जी हालचाल होते त्यानेच निम्मी झाडं सुटतात. मुळं कात्रीने ३-४ सेंमी ठेवून कापा, लांब मुळं दुमडून परत वर येतात. लांब चिमट्याने मुळं धरून गरजेपेक्षा जरा खोल, तिरकं घाला, चिमटा हळूच सोडून बाहेर काढा आणि मग झाड अलगद वर ओढा, म्हणजे मुळं सरळ होतात आणि पानं जिथून फुटतात तो पांढरा बुंधा खडीच्या वर राहतो. व्हॅलिस्नेरिया आणि स्वोर्ड दोघांचाही तो बुंधा गाडला गेला की झाड सडून सुटतं. आणि पाणी परत भरताना खडीवर एक ताटली ठेवून तिच्यावर ओता, नाहीतर सगळी मेहनत तिथेच जाते.

शेवाळ_प्रेमी:
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त अनुबियास राहिलं. ते खडीत लावायचंच नाही! त्याचा जो आडवा जाड हिरवा कंद दिसतो तो गाडला की कुजतो, जावा फर्नचंही तेच. दगडाला किंवा ड्रिफ्टवुडला (टाकीत ठेवायच्या लाकडाला) शिवणाच्या सुती दोऱ्याने बांधा, दोरा काही महिन्यांनी विरतो तोपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. घाई असेल तर फेविक्विकचा थेंब, जेल मिळालं तर अजून बरं, कंद आणि दगड टिश्यूने टिपून घ्या, चिकटवा, थोडं थांबा आणि पाण्यात सोडा. पांढरा डाग दिसतो तो पुढे मुळांखाली झाकला जातो.

कबोम्बाची जुडी सोडून एकेक काडी वेगळी करा. खालच्या दोन-तीन पेरांची पानं काढा, ती पेरं खडीत जाऊ द्या कारण मुळं पेरातूनच फुटतात, आणि दोन काड्यांमध्ये बोटभर जागा ठेवा. जुडीत मधल्या काड्यांना उजेड आणि पाणी दोन्ही मिळत नाही. पट्टी मात्र मी पूर्ण वाईट म्हणणार नाही, एका काडीच्या अगदी टोकाला सैल गुंडाळली तर पहिले काही दिवस मदत होते, आवळून जुडी बांधली की देठ चेपतो आणि तिथून कूज सुरू.

जलवेल_नाशिक:
सैल बांधली तर ठीक, पण नवख्या माणसाच्या हातून ती आवळलीच जाते असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. थर खोल असेल तर पट्टीची गरजच पडत नाही, माझं मत तेच.

कुडाळकर_टाकी:
अहो पण गोल्डफिशचं कोणी बोललंच नाही! गोल्डफिश दिवसभर खडी तोंडात घेऊन चाळत असतो, तो त्याचा स्वभावच आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. कबोम्बा तर तो खाऊनच टाकणार. व्हॅलिस्नेरिया, स्वोर्ड आणि अनुबियास या तिघांवरच भर द्या.

स्वोर्डसाठी एक उपाय सांगतो, संक्रांतीची सुगडं असतात ना, बिनरंगाची घ्या, हळदकुंकू लागलेलं असेल तर घासून धुवा आणि पाणी बदलत दोन-चार दिवस भिजत ठेवा. त्यात वाळू भरून झाड लावा, वरून नदीतले गुळगुळीत गोटे रचा, माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. अर्धं सुगड खडीत पुरलं की दिसतंही छान आणि मासा उकरू शकत नाही. व्हॅलिस्नेरियाच्या बुडाशीही असे गोटे ठेवा.

आमच्या भागात ओढ्या-नद्यांमध्ये क्रिप्टोकोरीन (थोडक्यात क्रिप्ट) नावाचं पाणझाड आपोआप वाढतं, त्याच्या रेट्रोस्पायरालिस आणि स्पायरालिस या दोन्ही जाती सह्याद्रीच्या पश्चिमेला सापडतात. पावसात नदी किती जोरात वाहते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तरी ही झाडं जागची हलत नाहीत कारण मुळं दगडगोट्यांच्या मधून खोल गेलेली असतात आणि पानं अरुंद, लांब असल्यामुळे पाणी त्यांच्यावरून सरळ निघून जातं. नदीतून उपटून आणू नका मात्र, दुकानात लागवडीची क्रिप्ट मिळतात. आणि क्रिप्ट आणलंत तर एक लक्षात ठेवा, नवीन पाण्यात त्याची पानं विरघळल्यासारखी होऊन गळतात, लोक मेलं समजून उपटून टाकतात, खाली मुळं जिवंत असतात, हात न लावता ठेवलं की परत फुटतं.

मीनल_कल्याण:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. माळ्यावर मागच्या संक्रांतीची सुगडं आहेत तीच भिजत घालते. एवढंच सांगा, स्वोर्ड जाळीच्या छोट्या कुंडीत आलंय, आत पिवळसर लोकरीसारखं काहीतरी आहे, त्याच्यासकट लावू का? आणि खडी बदलायची तर मासे काढावे लागतील का?

जलवेल_नाशिक:
नाही, ती रॉकवुल, कुंडी आणि रॉकवुल दोन्ही काढायचं. कुंडी कात्रीने कापा, लोकर बादलीभर पाण्यात धरून सुई किंवा चिमट्याने सोडवा, मुळात अडकलेले थोडे धागे राहिले तरी चालतं. नर्सरीत स्वोर्ड बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं त्यामुळे जुनी पानं पिवळी पडतील, ती बुंध्यापासून कापत जा, नवीन पानं आतून येतील. मासे तेवढा वेळ टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्याच बादलीत बुडवून ठेवा. आणि फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, सध्या धार थेट झाडांवर येत असणार. सायफन करताना पहिला महिना झाडांच्या जागी खडीत नळी खुपसू नका, वरवरची घाण ओढा फक्त.

शेवाळ_प्रेमी:
सुगडात लावताना वाळूच्या तळाशी एक रूट टॅब (मुळांसाठीची खताची गोळी) पण घाला, स्वोर्ड मुळातून भरपूर खातं, नुसत्या धुतलेल्या वाळूत त्याला काही मिळणार नाही.