सॅमन वाचवायला सी लायन मारायचे, पटतं का तुम्हाला?

कोलंबियाकाठी:
आईबाबा सध्या आमच्याकडे पोर्टलंडला आलेत. रविवारी त्यांना कोलंबिया नदीवरचं बॉनव्हिल धरण दाखवायला नेलं, तिथे खाली काचेची खिडकी आहे, फिश लॅडर (अंडी घालायला समुद्रातून नदीत वर जाणाऱ्या माशांसाठी केलेल्या पाण्याच्या पायऱ्या) चढणारे मासे अगदी समोरून जाताना दिसतात. बाबा अर्धा तास हलेनात, जन्म अलिबागचा, मासा दिसला की भाव काढायला सुरुवात. बाहेर आलो तर धरणाच्या पायथ्याशी एक सी लायन (सीलचा भाऊबंद) भलामोठा सॅमन तोंडात धरून पाण्यावर आपटत होता, समुद्र तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे तरी हे पठ्ठे येतात. आईने कौतुकाने व्हिडिओ काढला आणि मी मूर्खासारखं बोलून गेलो की यातले काही पिंजऱ्यात पकडून इंजेक्शन देऊन मारतात, सरकारी परवाना आहे. झालं. आई माझ्यावरच भडकली, "धरण माणसाने बांधलं, मासा माणसाने अडवला, आणि शिक्षा त्या मुक्या जनावराला?" बाबा म्हणे रोज गल्ल्यात हात घालणाऱ्याला हार घालायचा का. घरी पोचेपर्यंत गाडीत हेच.

रात्री वाचत बसलो. 2020 मध्ये दिलेला परवाना पाच वर्षांत 540 कॅलिफोर्निया सी लायन आणि 176 स्टेलर सी लायन इथपर्यंतचा होता. आकडा बघून मलाही जरा कसंतरीच झालं. याने खरंच मासे वाढतात का? का आपलं काहीतरी केल्याचं दाखवायचं?

पावसाळी_सिअ‍ॅटल:
काही ठिकाणी वाढतात. आमच्याकडची बॅलर्डच्या लॉक्सची (बोटी वरखाली करायची पाण्याची दारं) गोष्ट इथे जुन्या लोकांना पाठ आहे. 1980 च्या दशकात सी लायनना शोध लागला की समुद्रातून परतणारा स्टीलहेड मासा (सॅमनचाच भाऊबंद) लॉक्सच्या दाराशी थांबतो, वर जायला वाट तेवढी एकच, म्हणजे आयतं ताट. लोकांनी त्या सी लायनचं नाव हर्शेल ठेवलं, टीशर्ट काय, बातम्या काय. फटाके फोडले, रबरी गोळ्या मारल्या, काहींना उचलून पार कॅलिफोर्नियात नेऊन सोडलं, ते पोहत परत. शेवटी फायबरग्लासचा खोटा ऑर्का, म्हणजे सी लायनना खाणारा किलर व्हेल, पाण्यात ठेवला (खरंच!), त्यालाही कोणी भीक घातली नाही. सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात मारायची परवानगी देणारी दुरुस्ती 1994 मध्ये आली तोवर स्टीलहेड जवळजवळ संपलेला, मग वाचवणार काय.

म्हणून पुढे पोर्टलंडजवळच्या विलॅमेट धबधब्यावर उशीर केला नाही. तिथे 2017 च्या हिवाळ्यात जेमतेम 512 स्टीलहेड वर गेले होते. आधी काही सी लायन समुद्रकिनाऱ्यावर नेऊन सोडले, थोड्याच दिवसांत सगळे परत हजर. मग परवाना घेऊन 33 मारले, त्यानंतर स्टीलहेड पुन्हा हजारांत मोजायला लागले. आता कॅलिफोर्निया सी लायन अडीच लाखांच्या आसपास आहेत, त्यातले 33 गेले. माझं गणित सोपं आहे, कोण संपायला आलंय ते बघायचं.

आणि काकूंना एक सांग, इथले मूळनिवासी, याकामा, नेझ पर्स, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्स, यांचा सी लायन काढायला पाठिंबा आहे. 1855 च्या तहांत त्यांनी या नदीत मासे धरायचा हक्क राखून ठेवलाय, पण मासाच नसेल तर हक्क काय चाटायचाय.

उगाच_शंका:
@पावसाळी_सिअ‍ॅटल विलॅमेटचं उदाहरण सगळे देतात, त्याच कोलंबियाच्या मुखाशी पाणकावळ्यांचं काय झालं ते कोणी सांगत नाही. ईस्ट सँड बेटावर पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत होती, ते सॅमनची पिल्लं खातात म्हणून 2015 ते 2017 मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास गोळ्या घालून मारले, हजारो घरट्यांतली अंडी उबू नयेत म्हणून त्यांना तेल फासलं. पक्षी वैतागून बेटच सोडून गेले आणि अ‍ॅस्टोरियाच्या पुलावर जाऊन बसले, नदीत आणखी वर. बेटाजवळ निदान समुद्रातले इतर मासे मिळायचे, पुलापाशी तेवढे नाहीत, म्हणजे आता एकेक पक्षी आधीपेक्षा जास्त सॅमन खातो. घ्या! 

सी लायनचं जमतं कारण वाट शिकलेले नर मोजके असतात, ते गेले की बाकीच्यांना पत्ता नसतो. पक्ष्यांना कुठलीही नदी चालते. आणि मुळात पूर्वी या नदीत वर्षाला कोटीभर सॅमन यायचे म्हणतात, सी लायन तेव्हाही होतेच की. मग संपवले कोणी? काकू बरोबर आहेत.

पावसाळी_सिअ‍ॅटल:
काकू बरोबरच आहेत, पण धरण उद्या पाडणार आहेस का? पाडेपर्यंत मासा टिकायला नको?

हॅलिफॅक्सवाला:
आमच्याकडे पूर्व कॅनडात हा वाद कॉड मासा आणि सीलचा. 1992 मध्ये न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी बंद झाली, तीसेक हजार लोकांचं काम एका फटक्यात गेलं, आणि तेव्हापासून सीलला शिव्या घालणं हा इथला धर्म आहे. कॉड संपवला तो मोठमोठ्या ट्रॉलरनी, यात कोणी वाद घालत नाही. पण गंमत अशी की सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागात कॉड इतका कमी झाला की आता उरलेला ग्रे सीलमुळे वर येत नाही असं सरकारी शास्त्रज्ञच म्हणतात. म्हणजे खड्डा आपण खणला, सील त्यावर बसलाय. पण तिथे 33 मारून भागत नाही, सील हजारोंनी आहेत, धबधब्यासारखी एक जागाही नाही जिथे उभं राहून मोजता येईल. मी स्वतः कधी या बाजूला कधी त्या बाजूला असतो, खोटं कशाला बोलू.

मालवणी_बाणा:
आमच्याकडे डॉल्फिन. जाळ्यातला बांगडा ओरबाडून नेतात, जाळं फाडतात ते वेगळंच. माझा मामा किनाऱ्यावर उभा राहून बोंबलायचा, "फाडल्यान मेल्यान जाळा!" पण मारायचं मनातही नाही आणि कायद्यातही नाही, डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या शेड्युल एकमध्ये, म्हणजे कडक संरक्षणात. राज्य सरकारची 2018 पासून योजना आहे, संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडवला तर 25 हजारांपर्यंत भरपाई. पण डॉल्फिनने स्वतः येऊन फाडलं तर ते त्यात बसत नाही, हे मामाला समजावताना माझी फेफे उडाली.

आणि मामाचा खरा राग डॉल्फिनवर नाहीच. पर्ससीनवाले (अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडीवाले (दिवे लावून मासे गोळा करणारे) रात्रीत जे उपसून नेतात त्यापुढे डॉल्फिन किती खाणार? एलईडीला 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात लाइटी दिसतात. तुमच्याकडे निदान कुठल्या सी लायनने कुठला मासा खाल्ला हे मोजतात तरी.

कोलंबियाकाठी:
सगळ्यांचे आभार. आईला पाणकावळ्यांची गोष्ट वाचून दाखवली, ती विजयी मुद्रेने बाबांकडे बघत होती. मग विलॅमेटची वाचली, तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. मालवणी_बाणा, तुझ्या मामाचं वाक्य दोघांना भयंकर आवडलंय, कालपासून घरात काहीही पडलं फुटलं की तेच चालू आहे. पुढच्या शनिवारी विलॅमेटला जातोय, आईची एकच अट, गाडीत या विषयावर कोणी बोलायचं नाही.