मदत हवी आहे : मावसभाऊ एमडी सोडतोय, पुढे काय करू?

मंडळी, मावसभाऊ २४ वर्षांचा, पुण्यात असतो. दीड वर्ष एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं द्रव्य, घेत होता. घरी कळलं ते दातांमुळे. रात्री शेजारच्या खोलीत करकर ऐकू यायची. आता स्वतःच सोडतो म्हणाला. पहिले दोन दिवस नुसता झोपला. उठायचा, वरणभात खायचा, परत झोप. आठवडा झालाय; आता चिडचिड आणि "जगून काय करायचंय" अशी भाषा. घाबरून टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन केला, उद्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीये. तोवर त्याला एकटं सोडत नाही.

काका म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका. एक बघून आलो. खिडक्यांना पत्रे, डॉक्टर "येतात अधूनमधून". मन धजेना.

ब्राउन शुगरला ब्युप्रेनॉर्फिन असतं, तशी एमडी किंवा मेथला (मेथॅम्फेटामीन, एमडीसारखंच उत्तेजक द्रव्य) ठरलेली गोळी नाही, एवढं समजलं. मेथवर सगळ्यात चांगला परिणाम बक्षीस पद्धतीचा दिसतो : लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटं कूपन. कॅलिफोर्नियात २०२३ पासून सरकारी आरोग्य योजनेतूनच देतात. (पोरखेळ वाटतो ना? मलाही वाटला.)

पुण्यात दाखल न होता, ओपीडीत असं कुणी करतं का? मुक्तांगणचा कुणाला अलीकडचा अनुभव? आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ चं खटल्यापासूनचं संरक्षण उपचार घेणाऱ्याला प्रत्यक्षात मिळतं का? मावशीला पोलिसांचीच जास्त धास्ती आहे. व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.