मदत हवी आहे: हँडहेल्ड गेमिंग पीसीची एसएसडी घरीच बदलावी का? (सोबत विदर्भातला उन्हाळा आणि लाईनीचा लपंडाव)

पऱ्हाटी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो, यवतमाळ जिल्ह्यात. येताना रूममेटचा वापरलेला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा पीसी, घेऊन आलो. कंपनी सांगत नाही, नाहीतर अख्खा धागा "हा कायले घेतला" यातच जाईल. सात इंची स्क्रीन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (विंडोज आणि गेम साठतात ती डिस्क), ४० वॅट-अवरची बॅटरी, ६५ वॅटचा चार्जर, विंडोज ११. वॉरंटी कधीच संपली. बाबा त्याला अजूनही मोटरीचं रिमोट समजतात.

पहिलं दुखणं जागेचं. ५१२ म्हणतात, पण विंडोज दाखवतं ४७६, आणि त्यातलंही बरंच तेच खातं. रेड डेड रिडेम्प्शन २ ला एकट्याला १५० जीबी लागतात. दोन मोठे गेम टाकले की घर भरलं. मेमरी कार्डवर भागवत होतो, तर मागच्या मे महिन्यात कार्डचा स्लॉटच गेला. एक गेम काढून दुसरा टाकावा म्हटलं, तर गावात फायबर नाही. मोबाईलचा रोजचा दोन जीबी डेटा. हिशोब तुम्हीच करा.

दुसरं, उन्हाळा. नवतपात आमच्याकडे ४५-४६ अंश. यंत्र हातात धरवत नाही, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो. त्यात कापसाची धूळ. म्हणून मी मागच्या जाळीवर पातळ मलमलचं फडकं लावलंय. बरोबर केलं ना?

तिसरं, लाईन. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाईट नुसती फडफडते. तेव्हा चार्जिंगला लावायची हिंमत होत नाही.

कापसाच्या चुकाऱ्यातून थोडे पैसे बाजूला काढलेत. आधी एसएसडी घेऊ की पॉवर बँक? रॅम वाढते का? आणि उघडायचं काम मला जमेल का? मोबाईलची बॅटरी बदलली आहे, एवढाच अनुभव.

तर्रीपोहा:
भाऊ, आधी ते फडकं काढ! हवा आतच गेली नाही तर पंखा ओरडणारच. धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाड. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली मात्र धरू नको, त्या हवेत पाणी असतं आणि जोरही फार.

रॅम विसर, ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) ग्राफिक्ससाठी किती रॅम राखायची ते मात्र बहुतेक यंत्रांत ठरवता येतं. ४ जीबी ठेवून बघ.

एसएसडी घरी बदलता येते. फक्त माप बघून घे. स्टीम डेक आणि पहिल्या आरओजी अलाय या हँडहेल्डांमध्ये २२३० बसते, म्हणजे २२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. पहिल्या लीजन गोमध्ये २२४२ येते, अलाय एक्समध्ये लॅपटॉपची २२८०. तुझ्यात कोणती आहे ते झाकण काढून आधी बघ, मग मागव. चिपा एकाच बाजूला असलेली घे, जाड घेतली तर झाकण दाबून बसेल.

तुझ्याकडे नेट नाही म्हणून नवीन विंडोज टाकत बसू नको, क्लोन कर. एनव्हीएमईचा (या जातीच्या एसएसडीचा) यूएसबी डबा मिळतो, त्यात नवी एसएसडी टाकायची आणि जुनीची हुबेहूब नक्कल काढायची. गेमसकट सगळं येतं. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा आकडा, वहीत लिहून घे, चालू असेल तर बंद कर. ही पायरी गाळून माझ्याकडे रडत आलेले लोक मी पाहिलेत (नागपूरला सीताबर्डीत दुरुस्तीचंच काम करतो). क्लोन झाल्यावर नवीन जागा दिसली नाही तर घाबरू नको, डिस्क मॅनेजमेंटमधून वाढवायची असते. मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोजने दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा) आडवं आलं तर तेव्हा विचार.

उघडताना यंत्र पूर्ण बंद, चार्जर काढलेला. कोऱ्या कागदावर यंत्राच्या पाठीचं चित्र काढ आणि जो स्क्रू जिथला, तिथेच टोचून ठेव. लांबी वेगवेगळी असते. काही मॉडेलांत एखादा स्क्रू पूर्ण बाहेर येतच नाही, त्याच्याशी झोंबू नको. झाकणाच्या फटीत प्लास्टिकची पट्टी घाल, चाकू नाही. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांब, दाबू नको, चार्जही करू नको.

हुरडा:
आमचा पोरगा खेळून झालं की दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो, लवकर थंडं होते.

तर्रीपोहा:
बाप्पा! बाहेर काढल्यावर आत दव धरते ना. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत ओल असते. कूलर खोलीत असू द्या, यंत्र बाजूला. आणि पऱ्हाटी, प्रोसेसरची पॉवर २५ वॅटवरून १५ वर आण, गेमचं रिझोल्यूशन ७२० पी आणि वेग सेकंदाला ४० फ्रेमवर बांध. सात इंचांत फरक दिसत नाही. स्लीपवर ठेवण्याऐवजी हायबरनेट कर (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होते), नाहीतर पिशवीतल्या पिशवीत जागं होऊन तापते.

वायरमनचा_पोरगा:
लाईनीचं मी सांगतो. चार्जरवर बारीक अक्षरात वाच, बहुतेक १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल. म्हणजे पडलेल्या व्होल्टेजला त्याची हरकत नाही, स्टॅबिलायझरवर पैसे घालू नको. धोका उलटा आहे: गेलेली लाईन परत येताना बसणारा झटका, आणि न्यूट्रल तुटला की घरात घुसणारं चारशेच्या आसपास व्होल्टेज. लाईन गेली की प्लग उपसायचा, आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा.

पॉवर बँक घेशील तर पीडीवाली (यूएसबी-सीची पॉवर डिलिव्हरी) घे, नुसतं "फास्ट चार्जिंग" बघून नको. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर, त्यातले साधारण ५५-६० यंत्रात पोचतात. एकूण २० वॅट खाणारा गेम असेल तर पावणेतीन तास. केबल ५ अँपिअरची घे, ३ वाली ६० वॅटच्या वर जात नाही. आणि दुपारी तापलेल्या पत्र्याखाली चार्जिंग करू नको, बॅटरी त्यानेच मरते. ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावून टाक.

पऱ्हाटी:
फडकं काढलं. पंखा खरंच शांत झाला, लाज वाटली.

चार्जरवर १००-२४० लिहिलंय. बिटलॉकर चालूच होतं, रिकव्हरी की वहीत लिहिली, उधारीच्या पानाशेजारी. आधी एसएसडी घेतो, पॉवर बँक तूर विकल्यावर. तर्रीपोहा भाऊ, पुढच्या आठवड्यात बियाण्याच्या कामाने नागपूरला येणं आहे. यूएसबी डबा तुमच्याकडे तासाभरासाठी मिळेल का? क्लोन तिथेच बसून करतो, स्क्रू मात्र मीच काढीन.