जिन्यातले दिवे साडेनवालाच मंद का होतात?

सेक्रेटरी: काल पुन्हा जिन्यातले सोलरचे दिवे साडेनवालाच मंदावले. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या. वर्गणी काढायची का?

बी-३०४: दादा, थांबा. दुपारी कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलकडून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्यावर, काय दिसतं?

सेक्रेटरी: अकरा वाजताच १४.४ व्होल्ट. फुल्ल दाखवतो.

सी-१०२ काकू: तो कंट्रोलरच्या टर्मिनलवरचा आकडा झाला. बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे वायरी जोडतात त्या टोकांवर, मोजलंत का? ऊन असताना मोजा हं, रात्री चार्जिंगचा करंटच नसतो, काही कळणार नाही.

बी-३०४: काकू, गच्चीवरच आहे. करंट ८ अँपिअर. कंट्रोलरला १४.४, बॅटरीवर १२.९!

सी-१०२ काकू: दीड व्होल्ट वाटेतच गेला. कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरत आली, म्हणून तो हात आखडता घेतो. बॅटरी रोज अर्धपोटी. आता मल्टिमीटरची एक पिन कंट्रोलरच्या प्लसला, दुसरी बॅटरीच्या प्लस खांबाला. लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला नाही, खांबालाच. मग मायनसला तसंच.

बी-३०४: प्लस ०.९५, मायनस ०.५५.

सी-१०२ काकू: वायरी दोन्ही सारख्याच, मग प्लसकडे ०.४ जास्त का? जोडात घोळ आहे. हातातली अंगठी काढ आणि लगला बोट लावून बघ.

बी-३०४: चांगलाच गरम आहे! वायर नुसती पक्कडीने दाबलीये, खाली हिरवट पूड.

सी-१०२ काकू: सापडलं. बाकीचा १.१ व्होल्ट बारीक वायरीचा. दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीची, जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे ०.१४ ओहमच्या आसपास. ८ अँपिअरला हिशोब बरोब्बर जुळतो.

ए-४०१: मग सगळी जाड वायर टाकायची?

सी-१०२ काकू: त्याआधी कंट्रोलर पॅनेलखालून काढून बॅटरीच्या खोलीत आणा. पॅनेल १८ व्होल्टच्या आसपास देतं, तिकडे थोडं गळलं तरी चालतं. कंट्रोलर ते बॅटरी अंतर हातभर ठेवा, वायर ६ स्क्वेअर. फक्त बॅटरीच्या बरोबर वर टांगू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. आणि प्लसच्या खांबाजवळच २० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. आत्ता तिथे काहीच नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतेल, आणि खोलीत जुने पडदे ठेवलेत.

सेक्रेटरी: पडदे आजच हलवतो.

बी-३०४: काढताना आधी बॅटरी सोडवू का?

सी-१०२ काकू: नाही रे! आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना उलट. पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, सेलची झाकणं घट्ट लावून. पाणी आत जाता कामा नये.

सेक्रेटरी: म्हणजे बॅटरी चांगली आहे?

सी-१०२ काकू: ते आत्ता नाही सांगता येणार. बरेच महिने अर्धवट भरलीये. चार-पाच दिवस पूर्ण चार्ज होऊ दे, मग हायड्रोमीटरने, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजून, सहाही सेल बघू. एखादाच मागे पडला तर दुकानदाराशी बोला. तोवर वर्गणी नको.

ए-४०१: लग दाबायचं क्रिम्पिंग टूल माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी वर आणतो.